जोडाक्षरं दिवाळीनंतर

पहिलीच्या वाचनपाठात जनावरं
अक्षरांच्या हुकमानं येतात.

आधी बदक. त्याला ना काना ना मात्रा.
बदक बघ. बदक धर.
दांडेकर पुलापासच्या वस्तीत बदक कुणाकडेच नाही,
तरी पोरं धरतात,
ब वर बोट, द वर बोट, क ला घट्ट.

मग काना येतो आणि त्याच्यामागून ससा.
समदच्या चुलत्यानं एकदा ससा आणला होता खरा.
त्याचं पुढं काय झालं ते समद सांगायला लागतो,
मी फळा पुसते.

मग वेलांटी. वेलांटीबरोबर मनी.
मांजराला अनुस्वार लागतो, म्हणून आधी नुसती मनी.
मनी बसली. मनी पळाली.
सदतीस पोरं एका सुरात, मान हलवत.
मल्लम्मा तेवढी तोंड मिटून.

"बाई, कुत्रा कधी?"
कुत्र्यात त्र आहे, मी म्हटलं,
त आणि र एकमेकांत अडकलेले.
जोडाक्षरं दिवाळीनंतर.
ती थोडा वेळ गप्प.
"आन् मी?"
तुझ्यात तर दोन आहेत गं.
तूपण दिवाळीनंतर.

तिचा करिया फाटकाबाहेर असतो,
वॉचमन गायकवाडांच्या खुर्चीखाली,
साडेसातपासून खिचडीपर्यंत.
कोळशासारखा काळा, पोटाशी पांढरा डाग,
मुठीतली खिचडी तो
बोटांच्या फटींतून चाटून घेतो.

दुसऱ्या दिवशी ती उठून उभी राहिली.
"आमच्या घरी कुत्रा नाय म्हणत, नायी म्हणतात."
वर्ग फुटला. नायी म्हंजे नाय?
"नाय म्हंजे नाय," मल्लम्मा म्हणाली,
"नायी म्हंजे हाय. भाईर बसलाय."

मी खडू हातात धरून उभी.
न ला काना. य ला वेलांटी.
सगळं शिकवून झालेलं होतं.
तेहतीस वर्षं मी कुत्र्याला दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवलं
आणि तो पलीकडच्या भाषेत
श्रावणातच येऊन बसला होता.

फळ्यावर लिहिलं: नायी बस.
मल्लम्मानं वाचलं. मोठ्यानं, खिडकीतून बाहेर,
वाचायचं असतं ते ऐकवायलाच असतं अशा थाटात.
करिया आधीच बसलेला होता.
पोरांना वाटलं, फळ्यावरचं वाचून बसला.

मंगळवारी महापालिकेची गाडी आली, जाळीवाली.
बुधवारी फाटकाशेजारच्या भिंतीवर,
गुडघ्याच्या उंचीला, खडूनं:
गाडी आली. नायी पळ.
आणि खाली, सही असावी तसं: मलमा.
एक दिवस उशिरा लिहिलेलं.
तिच्या आईला फाटकात म्हटलं, सोडतील हो, ऑपरेशन करून.
तिनं मान हलवली. कळलं की नाही, मला कळलं नाही.

त्या आठवड्यात मी पाठ सोडून दिला.
पर्यवेक्षक म्हणाले, हा घटक अजून आलेला नाही.
म्हटलं, गाडी आली साहेब, घटक येईल मागून.
त्यांना वाटलं, बाई आता रिटायर व्हायला आल्या.

म ची दांडी काढली, मी फळ्यावर दाखवलं,
की म अर्धा होतो. एकटा उभा राहत नाही.
शेजारच्याला टेकतो.
म्म. हात लावून बघा.

शनिवारी करिया परत आला,
अंगाला औषधाचा वास,
डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं.
हीच खूण असते म्हणे, झालं म्हणून.
पोरांनी फाटकाच्या गजांतून बघितलं.
समद म्हणाला, कान तोडला.
मल्लम्मा म्हणाली, अर्धा केलाय.
मग माझ्याकडे वळून,
"बाई, आता हा कुणाला टेकणार?"

मला उत्तर सुचेना. घंटा झाली.

वही तपासताना त्या दिवसाच्या पानावर
एक लांबलचक शब्द सापडला,
ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत:
करियामल्लम्मा.

दोन शब्दांत बोटभर जागा सोडा,
मी रोज सांगते.
पान उलटलं.
पुढच्या पानावर खिचडीचा डाग होता.